झोपेच्या गोळीआधी

‘तरुण मुलगा जाऊन आठ महिने झाले, आई रडत नाही पण रात्रभर जागी असते; झोपेची गोळी द्यावी का?’ एवढ्यापुरतं लिहितो.

घरातल्या कुणाच्या डब्यातली अल्प्राझोलाम (झोप-चिंतेवरची गोळी) देऊ नका. उतारवयात अंमल लांबतो, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. सवय लागते ती वेगळीच.

न रडणं म्हणजे सावरणं नव्हे. या वयात नैराश्य बरेचदा अंगदुखी, बद्धकोष्ठ, विसरभोळेपणा अशा रूपात येतं. दर रविवारी वजन लिहून ठेवा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम तपासून मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, दीर्घ शोकविकाराला किमान ६ महिन्यांची अट आहे, पण नुसत्या मुदतीवर निदान होत नाही. रोजचं जगणं किती अडलंय तेही बघतात.

एस्सिटालोप्रामसारखं नैराश्यावरचं औषध सुरू झालं तर गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. लोक दहाव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडतात! बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि दोनेक आठवड्यांत सोडियम पुन्हा बघा. ते उतरलं की गुंगी, बरळणं सुरू होतं, घरचे त्याला दुःखच समजतात.

‘जगू नये असं वाटतं का?’ हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, साठवलेल्या गोळ्या आणि कीटकनाशक हलवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो.

आणि वडिलांनाही विचारा. त्यांना सहसा कुणी विचारत नाही.