सूप पळपळीत झालंय, घट्ट कसं करू?

टोमॅटो-गाजराचं सूप केलंय पण पाणी जरा जास्तच पडलं, कॉर्नफ्लोअर थेट टाकलं तर नुसत्या गुठळ्या झाल्या, त्या गाळून काढल्या. आता काय करू?

उत्तर १: गरम सुपात कोरडं पीठ टाकायचंच नाही ना, बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आत पीठ कोरडंच राहतं म्हणून गुठळ्या. १ मोठा चमचा कॉर्नफ्लोअर २ चमचे गार पाण्यात कालवा, सूप उकळत असताना ढवळत ढवळत सोडा, २ कप सुपाला एवढं पुरतं. मिनिटभर उकळल्याशिवाय घट्टपणा कळत नाही, लोक घाई करून अजून घालतात आणि मग खळ होते 😀

उत्तर २: मला तो चिकटपणा नाही आवडत. उकडलेला बटाटा किंवा सुपातल्याच थोड्या भाज्या मिक्सरला फिरवून परत घाला. जरा गार करून मगच फिरवा हं, वाफेने झाकण उडतं, माझं छतापर्यंत गेलंय.

उत्तर ३: वेळ असेल तर झाकण काढून आटवा, पण मीठ शेवटी, नाहीतर खारट होतं.

बटाटा घातला, जमलं! मीठ मात्र परत घालावं लागलं.