मदत हवी आहे: चर्चच्या ट्रायब्युनलचं पत्र आलंय, त्यातले कोर्टाचे शब्द कळंना झालेत (सोलापूर)

सातरस्ता_सोलापूर:
नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, कॅथलिक. ताईच्या नावानं रजिस्टर पोस्टानं एक जाड पाकीट आलंय, दाजींच्या गावाकडच्या धर्मप्रांताच्या ट्रायब्युनलचं. लग्न तिकडंच वसईच्या बाजूला चर्चमध्ये झालेलं, आता ताई लेकीला घेऊन बरीच वर्षं आमच्याकडंच राहते, शाळेत शिकवते. दाजींनी हे लग्न वैध नव्हतंच असं ठरवून मागितलंय. आई म्हणती सही करू नका, कागद परत लावून द्या, म्हणजे केस आपोआप पडंल. ताई काहीच बोलत नाही, नुसती ते पान काढून बघत बसती.
त्यात "लिबेलस"ची प्रत आहे, "सायटेशन" आहे, "ज्युडिशियल व्हिकार"ची सही आहे, "डिफेंडर ऑफ द बाँड"ला पण प्रत दिल्याचं लिहिलंय, आणि १५ दिवसात म्हणणं कळवा म्हणून सांगितलंय. सगळ्यात जास्त लागलंय ते हे: ग्राउंड म्हणून "कॅनन १०९५, क्र. २, रिस्पाँडंट" असं लिहिलंय आणि रिस्पाँडंट म्हणजे ताई. खाली मानसिक असं काहीतरी आहे. म्हणजे ताईला वेडी ठरवायचं चाललंय का? आमच्या फादरांना विचारणार आहोत पण ते बाहेरगावी आहेत. कुणाला माहीत असंल तर प्लीज सविस्तर सांगा.

नोटरी_ताई:
दादा, पहिलं म्हणजे कागद परत पाठवू नका. मी एका ट्रायब्युनलमध्ये बरीच वर्षं नोटरीचं काम केलंय (तिथला नोटरी म्हणजे जबान्या लिहून घेणारा, त्याची सही नसंल तर ते कागद ग्राह्यच धरत नाहीत) त्यामुळं असे घाबरलेले लोक खूप बघितलेत. उत्तर नाही दिलं तर केस थांबत नाही. न्यायाधीश ताईला "गैरहजर" जाहीर करतात आणि केस पुढं चालूच राहते, फक्त तिची बाजू कागदावर येत नाही. नुकसान तिचंच.
लिबेलस म्हणजे दाजींचा अर्ज, कोणाविरुद्ध, काय मागणं, कशाच्या आधारावर. सायटेशन म्हणजे ट्रायब्युनलनं ताईला म्हणणं मांडायला पाठवलेली नोटीस. अर्ज करणारा पिटिशनर, समोरची बाजू रिस्पाँडंट. रिस्पाँडंट म्हणजे आरोपी नाही हे ताईला नीट सांगा, इथं कुणावर गुन्हा नसतो, तपासणी लग्नाची असते, आणि तीही लग्नाच्या दिवशी दिलेल्या संमतीची. नंतर भांडणं झाली, वेगळे झाले, एवढ्यावरनं काही सिद्ध होत नाही. ज्युडिशियल व्हिकार म्हणजे बिशपांच्या वतीनं न्यायालय चालवणारा मुख्य धर्मगुरू.
डिफेंडर ऑफ द बाँड ऐकून लोकांना वाटतं आपला विरोधक, पण त्याचं काम लग्न वैध आहे हे मांडायचं, नवऱ्याचा वकील नाही आणि बायकोचाही नाही. कायद्यात धरूनच चालतात की लग्न वैध आहे, नाही म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. न्यायाधीशाला "मॉरल सर्टंटी" यावी लागते, म्हणजे मनात कुठली वाजवी शंका उरलेली नाही इतकी खात्री. ती नाही आली तर निकाल दाजींच्या विरोधात.
आता कॅनन १०९५, कॅनन म्हणजे चर्चच्या कायद्यातलं कलम. त्यात तीन भाग आहेत. पहिला, विचारशक्तीच पुरेशी नसणं. दुसरा, तुमच्यात लिहिलेला, लग्नातले मुख्य हक्क आणि कर्तव्यं तोलून बघायची कुवत त्या वेळी गंभीरपणे कमी असणं. तिसरा, मानसिक कारणांमुळं ती कर्तव्यं पेलायलाच न जमणं. दुसऱ्या भागात वेडी वगैरे ठरवत नाहीत, लग्न ठरलं तेव्हाची समज, घरचा दबाव, घाई, हे सगळं त्यात बघतात. मानसिक त्रासाचा मुद्दा असला की न्यायाधीश सहसा तज्ज्ञ नेमतात, पण तज्ज्ञाचा रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे.
अजून ग्राउंड पक्कं झालेलं नाही हेही लक्षात घ्या. ताईचं म्हणणं आल्यावर किंवा मुदत संपल्यावर व्हिकार "फॉर्म्युला ऑफ द डाउट" ठरवतात, म्हणजे नेमका प्रश्न काय, कुणाच्या बाजूनं, कुठल्या कारणावर. तो हुकूम हातात आला की १० दिवसात बदल मागता येतो. म्हणून आत्ताच्या उत्तरात ताईनं मला हे कारण मान्य नाही असं स्पष्ट लिहावं आणि आपल्या शब्दात का ते सांगावं, कुणाचा मसुदा कॉपी करू नये.

सातरस्ता_सोलापूर:
लय आभार ताई, ताईला वाचून दाखवलं, पहिल्यांदा तिनं स्वतः पाकीट हातात घेतलं. दोन प्रश्न आहेत अजून. जबाबाला तिला एवढ्या लांब जावं लागंल का, शाळा आहे तिची. आणि आईला एकच चिंता आहे, लग्न अवैध ठरलं तर नातीचं काय, लोक काय म्हणतील. पोटगीचं पण बघायचंय.

नोटरी_ताई:
लांबचं असलं तर ते ट्रायब्युनल दुसऱ्या ट्रायब्युनलची मदत घेऊ शकतं, जबाब जवळ घेतला जाऊ शकतो, फक्त पत्रात तशी विनंती करायची. अर्थात ते परवानगीचं आहे, आधी लिहून द्या.
नातीबद्दल आईला आजच सांगा, कॅनन ११३७ प्रमाणे वैध किंवा प्युटेटिव्ह लग्नातली मुलं औरसच. प्युटेटिव्ह म्हणजे निदान एकानं तरी प्रामाणिकपणे वैध समजून केलेलं लग्न. नंतर अवैध ठरलं तरी लेकीच्या दर्जात फरक पडत नाही. आणि निकालात आईबापाला मुलांच्या जबाबदारीची आठवणही करून देतात.

कोर्टाचीपायरी:
मी सोलापुरातच वकील आहे, फॅमिली कोर्टाची कामं करतो म्हणून सांगतो. चर्चचा निकाल म्हणजे सरकारी घटस्फोट नाही. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्ये मॉली जोसेफ केसमध्ये हे स्पष्ट केलंय, आणि चर्चच्या निकालाला मान्यता द्या म्हणून आलेली याचिका २०१७ मध्ये पण फेटाळली. कायदेशीर घटस्फोट पाहिजे असंल तर १८६९ च्या डिव्होर्स ॲक्टखाली कोर्टात जावं लागतं, २००१ च्या दुरुस्तीनंतर संमतीनं घटस्फोट पण आहे. पोटगी, मुलीचा ताबा, दागिने हे सगळं तिथंच. त्यामुळं ट्रायब्युनलचा कागद बघून पोटगीचा अर्ज लांबवू नका.

सातरस्ता_सोलापूर:
हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं साहेब. शेवटचं विचारतो, साक्षीला आई चालंल का? का नातेवाईक धरत नाहीत?

नोटरी_ताई:
चालते, अशा केसमध्ये घरचेच जास्त साक्षीला येतात, तेच लग्नाआधीचं बघितलेले असतात. पण आईनं लग्नानंतरची भांडणं सांगत बसू नये. स्थळ कुणी आणलं, बघाबघी ते लग्न किती दिवस गेले, ताई हो म्हणाली तेव्हा कशी होती, कुणाशी मोकळं बोलली होती, हे सांगावं. लग्नाआधीची जवळची मैत्रीण असंल तर तिचं नाव आधी द्या. आणि पुढं "पब्लिकेशन ऑफ द ॲक्ट्स" असा हुकूम येईल, म्हणजे जमा झालेले सगळे जबाब बघायची वेळ. तेव्हा ताईनं ट्रायब्युनलमध्ये स्वतः जाऊन दाजींचा आणि तज्ज्ञाचा जबाब वाचायचाच, तो तिचा हक्क आहे, बचावाची संधीच नाकारली तर निकाल टिकत नाही. विरोधात गेला तर १५ दिवसात अपील करता येतं, म्हणून निकाल ज्या दिवशी हातात पडला ती तारीख पाकिटावरच लिहून ठेवा.