नागनदीकाठच्या वस्तीचं पूर-पथक: नावं झाली, पुढं काय?

काठावरचा: नागपुरात अंबाझरी तलावाच्या सांडव्याखालच्या पट्ट्यात 120 घरं, निम्मी तळमजल्यावर. 23 सप्टेंबर 2023 ला मध्यरात्रीनंतर चार तासांत 100 मिमीहून जास्त पाऊस झाला, लोक झोपेतच सापडले. आता पूर-पथकाच्या 25 जणांची यादी आणि व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एवढ्यानं भागेल?

लेव्हलपाइप: नाही भागत, भाऊ. रात्री दोनला फोन सायलेंट असतो, आणि लाइट गेली की वायफायही जातं. पाच-पाच घरांमागे एक माणूस, त्याच्याकडे शिट्टी आणि टॉर्च. तीन लांब शिट्ट्या म्हणजे वर चढा, दुसरा अर्थ ठेवू नका.

पातळी अंदाजानं सांगू नका. सगळ्यात खालच्या उंबरठ्याची पातळी गवंड्याच्या लेव्हल पाइपनं (पाणी भरलेली पारदर्शक नळी) समोरच्या नदीभिंतीवर उतरवा, ऑइल पेंटनं 10-10 सेंमीच्या खुणा करा. उंबरठ्याखाली एक मीटरवर लाल पट्टा. दूरच्या पुलावर खूण करून उपयोग नाही, पाण्याला उतार असतो. काठावरूनच टॉर्चनं वाचायचं, दर 10 मिनिटांनी. 10 मिनिटांत 20 सेंमी चढलं आणि उंबरठ्याला 60 सेंमी उरले, तर हातात अर्धाच तास. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून जिना चढायला चौघं लागतात, म्हणून अशांना पाणी लाल पट्ट्याला लागायच्या आधीच हलवा.

बचतगटवाली: 25 जणांत बाया किती? दुपारी पूर आला तर पुरुष कामावर. कुठल्या घरात बाळंतीण, कुठं डायलिसिसचा पेशंट, हे बचतगटाला आणि आशाताईंना पाठ असतं. भाडेकरू बदलतात; अशा घरांची यादी 1 जूनला नव्यानं करा, कागदावर, लॅमिनेट करून.

आणि गच्चीची किल्ली! बहुतेक इमारतींत रात्री कुलूप असतं, किल्ली मालकाकडे. एक जादा किल्ली पथकाकडे हवीच.

काठावरचा: करंट?

लेव्हलपाइप: जमीन कोरडी आहे तोवरच मेन स्विच पाडा. पाण्यात उभं राहून मीटरला हात नाही, डीपीजवळ (रस्त्यावरची विजेची पेटी) तर फिरकूच नका. वाहतं पाणी गुडघ्याखाली असलं तरी माणूस पाडतं. मदतीला 112 किंवा जिल्ह्याचा 1077. तिथं पत्त्यासोबत जवळची ठरलेली ओळखीची जागा आणि अडकलेल्यांचा आकडा सांगा. पोहता येणाऱ्या दोघा-तिघांना आपदा मित्र (सरकारी आपत्ती-स्वयंसेवक) प्रशिक्षणाला पाठवा.

बचतगटवाली: मे महिन्यात नाल्यातला गाळ काढून काठावरच टाकतात, पहिल्या पावसात तो परत आत. उचलेपर्यंत महापालिकेच्या झोन ऑफिसचा पिच्छा सोडू नका. आणि सराव रविवारी सकाळी नको, रात्री दहानंतर, लाइट बंद करून घ्या.