वरचं खाणं सुरू केलं आणि रात्रीची झोप उलट उडाली

अक्कलकोट रोडवाली

मुलगी ६ महिने २० दिवसांची आहे. उष्टावण झालं, मामाने चांदीच्या वाटीतून खीर चाटवली, फोटोबिटो झाले, आणि तेव्हापासून मी झोपलेली नाही. थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच.

पाचव्या महिन्यात ही रात्री दोनदा उठायची. एकच्या सुमारास आणि पहाटे पाचला. प्यायची, झोपायची. तेव्हा घरी येणारा प्रत्येकजण म्हणायचा, अन्न सुरू होऊ दे, पोट भरलं की सकाळपर्यंत हलणार नाही. मी दिवस मोजत होते. आता काय, तर ११, १, अडीच, ४, साडेपाच. ही कालची यादी, मोबाइलमध्ये लिहून ठेवलीय. नुसती चुळबुळ नाही हो, दणकून पिते. पाजता पाजता माझाच डोळा लागतो आणि दचकून जाग येते.

दिवसाचं खाणं असं: ११ वाजता मुगाचं पाणी अर्धी वाटी, १ वाजता नाचणीचं सत्व (पातळ, घट्ट केलं की घशात अडकेल अशी सासूबाईंना भीती), ४ वाजता तांदळाची पेज, ७ वाजता वाफवलेल्या सफरचंदाचा गर. सगळं आवडीने खाते. मी ४ तारखेपासून बँकेत परत रुजू झाले. साडेनऊला निघते, साडेसहाला घरी. काढून ठेवलेलं दूध सासूबाई दिवसातून एकदाच देतात, तेही नाइलाजाने. फ्रिजमधलं म्हणजे शिळं, आणि एवढं खातेय तर दूध कशाला, हे त्यांचं म्हणणं. मन लावून सांभाळतात, म्हणून मी वाद घालत नाही.

वजन गेल्या महिन्यात ७ किलो होतं, आता ७.१. नाचणी बाधत असेल का? रात्री काहीतरी जड द्यावं का? की सगळं बंद करून परत नुसतं अंगावर ठेवू? वर हा उन्हाळा, रात्री अकरालाही भिंती हाताला गरम लागतात.

होटगी रोडची आजी

अगं, मुगाचं पाणी म्हणजे पाणीच. कुकरमधल्या वरणावरची निवळ काढून लेकराला द्यायची आणि खालचा गाळ आपण खायचा, ही कुठली रीत! खिमट कर. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून रवाळ दळायची, चमच्यावरून पटकन पडणार नाही इतकी घट्ट शिजवायची आणि वर तुपाची धार. रात्री आठला हे दे. आमच्या पोरांना असंच दिलं, सगळी ढाराढूर झोपायची. फारच रडली तर दुधात जायफळाचे दोन वेढे उगाळून दे. आणि झोळी बांध, पाळण्यापेक्षा झोळीत वारा लागतो.

रात्रपाळीची सिस्टर

आजींचं खिमट शंभर टक्के बरोबर. जायफळ मात्र नको. ते जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि सहाणेवरच्या दोन वेढ्यांत किती उतरलं हे मोजता येत नाही. बाळ गुंगीत आणि बाळ झोपेत, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताई, तुम्ही नाचणीला दोष देताय, पण तुमच्याच प्रश्नात एक ओळ आहे: ४ तारखेपासून रुजू झाले. दिवसाचे नऊ तास आई नाही, दूध एकदाच, आणि बाकी वेळ पातळ पदार्थांनी पोट गच्च. अंगावरच्या दुधात १०० मिलीला साधारण ६५ ते ७० कॅलरी असतात. मुगाच्या निवळीत त्या मानाने जवळजवळ काहीच नाही. इवलंसं पोट, त्यात निवळ भरली तर दुधाला जागा कुठून राहणार? मग हिशेब रात्री पूर्ण होतो, कारण रात्री आई हाताशी असते. नोकरीवर परतलेल्या आयांची बाळं दिवसाचं पिणं रात्रीवर ढकलतात, हे मी वॉर्डातही पाहिलंय आणि माझ्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत भोगलंय. वर दिवसभराचा दुरावा असतो, तो वेगळा.

सहा ते आठ महिन्यांत अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरीच हव्या असतात. बाकीचं सगळं दुधातून. दोन-तीन वेळचं खाणं पुष्कळ झालं. म्हणून आधी दूध, मग तासाभराने घट्ट खाणं. उलट नाही. सत्व घरी करत असाल तर नाचणी भिजवून मोड आणून, वाळवून दळा. मोड येताना जो पाचक रस तयार होतो तो पिष्ट फोडतो, त्यामुळे पीठ जास्त घातलं तरी लापशी गुळगुळीत राहते. सासूबाईंची अडकण्याची भीतीही जाईल आणि वाटीतलं अन्नही वाढेल.

काढलेलं दूध फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस चालतं. बाहेर चार तास असं पुस्तकात असतं, पण ते २५ अंशांच्या खोलीसाठी. सोलापूरच्या मे महिन्यात त्यावर विसंबू नका. बँकेत काढलं की लगेच बर्फाच्या डब्यात ठेवा. देताना कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करा, उकळू नका, उरलेलं परत ठेवू नका. वाटी-चमच्याने द्या, बाटली लागत नाही.

‘अन्न दिलं की झोपतं’ याबद्दल एवढंच सांगते. इंग्लंडमध्ये १३०३ बाळांवर अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला. तिसऱ्या महिन्यापासून अन्न दिलेली बाळं रात्री जास्त झोपली, हे खरं. पण जास्त म्हणजे किती, तर सहाव्या महिन्यात, जेव्हा फरक सगळ्यात मोठा होता तेव्हा, साधारण १७ मिनिटं. तेवढ्यासाठी कुणी तिसऱ्या महिन्यात चमचा हातात घेऊ नये. सहा महिने फक्त अंगावर, हेच आजही सांगितलं जातं. तुम्ही तेच केलंत. आता अन्न बंद करू नका, सहाव्या महिन्यानंतर अंगातला लोहाचा साठा संपत येतो आणि आईच्या दुधातलं लोह पुरत नाही. आशाताईंकडून लोहाचं औषधही विचारून घ्या.

महिन्यात १०० ग्रॅम वाढ मला कमी वाटते. वजनाचा तक्ता घेऊन या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन या.

टॉवेलवाला बाबा

आमचा घोळ वेगळा होता. पोरगं रात्री दोनला पाय पोटाशी घेऊन कण्हायचं. आम्ही दात, दृष्ट, उष्णता सगळं करून बसलो. आमची आई म्हणे, ‘लेकरू झोपूलालंच नाही, कुणाची तरी नजर लागली.’ मीठ-मोहरी ओवाळून झाली. शेवटी कळलं, चार दिवस शी घट्ट होत होती. भात, केळं आणि पुन्हा भात, एवढंच चालू होतं. पपई आणि दुधीचा गर सुरू केला, खाण्याबरोबर दोन-तीन चमचे उकळून गार केलेलं पाणी दिलं, आठवड्यात फरक पडला. बाईसाहेब कण्हत-कुंथत उठतात की सरळ दूध शोधतात, ते बघा. दूध शोधत असतील तर सिस्टर म्हणतात तेच.

आणि दुपट्यात गुंडाळू नका या दिवसांत. सुती झबलं पुरे. आमच्या कारखान्याचा टॉवेल पण नको, हे मी सांगतोय म्हणजे बघा.

होटगी रोडची आजी

सिस्टर, जायफळाचं माहीत नव्हतं. मीठ किती घालायचं खिमटात?

रात्रपाळीची सिस्टर

वर्षाच्या आत वरून मीठ नाही, साखर-गूळ नाही आणि मध तर चाटवायचासुद्धा नाही. बेचव आपल्याला लागतं, तिला नाही. तूप घाला, ते मात्र कंजुषी न करता.

अक्कलकोट रोडवाली

बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा. डॉक्टरांनी तपासलं, बाकी काही नाही, दिवसाचं दूध वाढवा म्हणाले. सासूबाईंना मी काही सांगितलं नाही. त्यांना सोबत घेऊन गेले आणि डॉक्टरांनाच विचारू दिलं, ‘फ्रिजमधलं चालतं का?’ बाहेर आल्यावर म्हणाल्या, आधी सांगायचं की. मी गप्प.

आता सकाळी निघण्याआधी पोटभर पाजते, बँकेत दोनदा दूध काढते (रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या लेजरांच्या गठ्ठ्यामागे, दाराला खुर्ची लावून). घरी तिला ते तीनदा वाटी-चमच्याने मिळतं. निवळ बंद. ११ ला मोडाच्या नाचणीची लापशी, संध्याकाळी सहाला खिमट, मधे कधी पपई. साडेसहाला मी आले की चप्पल काढायच्या आधी पाजायला बसते. चहा नंतर.

पहिले चार दिवस काही फरक नाही, मला वाटलं तुम्हा सगळ्यांना वेड लागलंय. पाचव्या रात्री तीनदा उठली. आता दोनदा, कधी तीनदा. परवा पाच वेळा, पण परवा रात्री लाइट गेली होती, गल्लीतलं कुणीच झोपलं नाही. वजन ७.२५.

काल साडेदहाला झोपली ती थेट तीनपर्यंत. मीच पावणेदोनला उठून तिच्या छातीवर हात ठेवून बघितलं.

एक विचारायचं राहिलं. मंगळवेढ्याहून मालदांडी ज्वारीचं पोतं आलंय घरी. नाचणीसारखेच ज्वारीला मोड आणून सत्व कुणी केलंय का?

होटगी रोडची आजी

केलंय. मोड काढून टाक वाळवल्यावर, पातळ फडक्यातून चाळ. दोन वाट्याच कर आधी, उन्हाळ्यात किडा लवकर पडतो.