रंगाआधी ओल आणि फाईल बघा
मॉड्युलर किचन करून मग फ्लॅट विकायला काढू म्हणताय, पण कोथरूडमधला जुना टू बीएचके घेणारा माणूस बहुतेक वेळा ते फोडूनच टाकतो हो, कशाला पैसे घालवताय? बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा, नुसता रंग मारला तर पावसाळ्यात पोपडे येणारच आणि बघायला आलेले काका बरोब्बर तिथेच हात फिरवणार. बाकी माळा रिकामा करा, झालं.

खरं काम फाईलचं. आधीच्या मालकांपासूनचे सगळे रजिस्टर्ड करारनामे, इंडेक्स टू (म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर चढलंय का ते, सोसायटीचं नो ड्यूज, महापालिकेच्या टॅक्सची पावती... घेणारा लोन काढणार असेल तर बँक हेच मागते. कम्प्लिशन सर्टिफिकेटची, म्हणजे बिल्डिंग पूर्ण झाल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची, कॉपी तर आत्ताच मागून ठेवा, सेक्रेटरी दुपारी एक ते चार सापडायचे नाहीत.