बचावपटूची कारकीर्द म्हणजे निर्धास्त नोकरी?

शेवटचा माणूस :
'नऊ नंबरी' यांनी परवा लिहिलेल्या टिपणाचे सार असे होते की व्यावसायिक फुटबॉलमध्ये बचावपटूइतकी निर्धास्त कारकीर्द दुसऱ्या कोणाचीही नसते; वेग ओसरला तरी त्याला जागा हेरून चाळिशीपर्यंत खेळता येते, गोल करण्याचे ओझे त्याच्यावर नसते, आणि म्हणून त्याच्या वाट्याला पैसा व पारितोषिके कमी येतात यात अन्याय काहीच नाही. मी याकडे दुर्लक्षच करणार होतो, परंतु पुरावा म्हणून त्यांनी इटलीचा बचावपटू पाओलो माल्दिनीचे नाव पुढे केले, तेव्हा उत्तर देणे भाग पडले.

माल्दिनी जानेवारी 1985 मध्ये सोळाव्या वर्षी एसी मिलानकडून मैदानात उतरला आणि 2009 पर्यंत त्याच क्लबसाठी 902 सामने खेळला, हे आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. पण अपवादावरूनच नियम काढायचा असेल तर बोलणेच खुंटले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा कधी संघात न दिसलेल्या बचावपटूंची यादी कोणी ठेवत नाही, आणि जे उरले त्यांच्याकडे पाहून आपण म्हणतो की बचावपटू फार टिकतात. टिकूनही पदरात काय पडते? वर्षातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ऑर पुरस्कार 1956 पासून दिला जातो. तो मिळालेले बचावपटू तीनच, बेकेनबाउअर (1972 आणि 1976), झामर (1996) आणि कानावारो (2006). खुद्द माल्दिनीला 1994 आणि 2003 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

ओझ्याचे म्हणाल, तर आघाडीपटूने पाच संधी दवडून सहावी साधली की तो नायक ठरतो. बचावपटू मात्र सामना संपत आला असताना ऑफसाइडच्या रेषेतून अर्धे पाऊल मागे राहिला आणि त्यामुळे समोरचा आघाडीपटू ऑफसाइड ठरला नाही, की संपले; गोल पुन्हा दाखवताना हात वर करून साहाय्यक पंचाकडे पाहत थांबलेला तो एकटाच पडद्यावर दिसतो. मी विद्यापीठाच्या संघात मध्य बचावपटू होतो. उपांत्य सामन्यात माझ्या नडगीला लागून चेंडू आमच्याच जाळ्यात गेला, हे माझ्या सहकाऱ्यांना अजून आठवते. त्याआधी मी गोलरेषेवरून परतवलेले चेंडू एकालाही आठवत नाहीत.

नऊ नंबरी :
विद्यापीठातील स्वयंगोलाचे दुःख मी समजू शकतो, परंतु त्यावरून व्यावसायिक खेळाचे सिद्धांत मांडू नयेत ही विनंती. बचावपटू व्हॅन डाइकसाठी लिव्हरपूलने 2018 मध्ये साडेसात कोटी पौंड मोजले, पुढच्याच वर्षी मँचेस्टर युनायटेडने मॅग्वायरसाठी आठ कोटी. अन्यायाचा हाच दर असेल तर असा अन्याय माझ्यावरही व्हावा. पेपे वयाच्या 41 व्या वर्षी 2024 च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालकडून खेळला, तोही एखाद्या मिनिटापुरता बदली म्हणून नव्हे.

आता दुसरी बाजू पाहा. मार्को व्हॅन बास्टेनने बॅलन डी'ऑर तीनदा जिंकला आणि त्याचा शेवटचा व्यावसायिक सामना 1993 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी झाला, कारण त्याचा घोटा कामातून गेला होता. आघाडीपटूंच्या घोट्यांमागे कोण लागलेले असते, हे येथे जमलेल्या सज्जन बचावपटूंनीच सांगावे. मागून केलेल्या टॅकलबद्दल थेट बाहेर काढण्याचे सक्त धोरण 1998 च्या विश्वचषकाच्या वेळी आले. तोपर्यंत तुम्हा मंडळींना रान मोकळेच होते.

क्रमांक तीन :
नेहमीप्रमाणे 'बचावपटू' म्हणताना सर्वांच्या डोळ्यांसमोर फक्त मधले दोघे आहेत. संपूर्ण कडेची पट्टी वर-खाली धावणाऱ्या फुलबॅकला चाळिशीची स्वप्ने पडत नाहीत. माल्दिनीसुद्धा कडेला सुरुवात करून वय वाढल्यावर मध्यभागी सरकला, ते काही हौसेने नव्हे. फिलिप लाम 33 व्या वर्षी थांबला. आम्ही चांगले खेळलो तर 'आक्रमक' म्हणून कौतुक होते आणि वाईट खेळलो तर 'बचाव येत नाही' म्हणून उद्धार होतो. पण या धाग्यावर आमची दखल कोणी घेईल अशी अपेक्षा नाही.

जुना प्रेक्षक :
मुळात आज बचाव करणारे उरले आहेत कोण? 1992 मध्ये गोलरक्षकाला पायाने दिलेला चेंडू हाताने उचलण्यास बंदी आली, त्याने या कलेची निम्मी हानी केली. आणि 2019 पासून गोलकिक (गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करणारी किक) सहकाऱ्याला पेनल्टी क्षेत्रातच स्वीकारता येऊ लागल्यावर उरलेलीही पुरी झाली. आता बचावपटूची निवड त्याच्या पासवरून होते, आणि समोरच्याला अंगावर घेऊन कडेला नेणे त्याला शिकवलेलेच नसते.

हवेतला चेंडू :
पारितोषिके आणि पासेस यांवर आपण सर्वांनी भरपूर शाई खर्च केली, म्हणून कारकीर्द संपल्यानंतरचे थोडे लिहितो. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. 2019 मध्ये त्यांनी दाखवले की स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण या खेळाडूंमध्ये सर्वसामान्यांच्या साडेतीन पट आहे. त्याच खेळाडूंच्या 2021 मधील विश्लेषणात असे दिसले की अशा विकारांचा धोका सर्वाधिक बचावपटूंना, सुमारे पाच पट आहे, आणि गोलरक्षकांमध्ये मात्र तो लक्षणीयरीत्या वाढलेला नाही. हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू, कोण मारतो आणि कोण मारत नाही, हे आपणांस समजावून सांगण्याची गरज नसावी.

माझे थोरले बंधू मध्य बचावपटू म्हणूनच पोट भरत होते. सरावात प्रशिक्षक मध्यरेषेजवळून उंच चेंडू टाकत राहायचे आणि बंधू एकामागून एक परतवत राहायचे. घरी आल्यावर दिवा नको म्हणून सांगायचे. आज ते टीव्हीवर सामना लावतात, गोल झाला की टाळी वाजवतात आणि थोड्या वेळाने मला विचारतात की आपण यांपैकी कोणत्या संघाचे. निर्धास्त कारकीर्द ती हीच का, ते 'नऊ नंबरी' यांनी सांगावे.

नऊ नंबरी :
आपल्या बंधूंबद्दल मनापासून वाईट वाटते. तरीही एका घरातील दुःख हा पुरावा होऊ शकत नाही, आणि अभ्यास सांगायचाच तर पूर्ण सांगावा. त्याच 2019 च्या अभ्यासात हृदयविकाराने आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू माजी खेळाडूंमध्ये कमी आढळले, ही बाब आपण सोयीस्कररीत्या गाळलीत. शिवाय तो पावसात भिजून जड होणाऱ्या कातडी चेंडूचा जमाना होता. आजच्या चेंडूवरून आजच्या बचावपटूला घाबरवणे म्हणजे निव्वळ भावनिक दबाव आहे.

हवेतला चेंडू :
'सोयीस्कररीत्या' हा आरोप मी विसरणार नाही. चेंडूचे सांगतो. त्या अभ्यासात 1976 पर्यंत जन्मलेले खेळाडू आहेत, आणि पूर्णपणे कृत्रिम साहित्याचा चेंडू 1986 च्या विश्वचषकातच आला होता. म्हणजे त्यांतले सर्वात तरुण खेळाडू कातडी चेंडूवर वाढलेले नव्हेत. शिवाय कोरड्या चेंडूचे नियमातील वजन तेव्हाही जवळपास आजच्याइतकेच (आज 410 ते 450 ग्रॅम) होते. आजचा चेंडू भिजत नाही हे खरे, पण तो अधिक वेगाने येतो, आणि कपाळाला वजन जाणवते तसा वेगही जाणवतो. धोका चेंडूच्या जमान्यापुरताच असता, तर इंग्लंडमध्ये 2021-22 च्या हंगामापासून व्यावसायिकांच्या सरावात जोरदार हेडर आठवड्याला दहापेक्षा जास्त नकोत, अशी मार्गदर्शक मर्यादा का घातली गेली असती?

जुना प्रेक्षक :
दहा हेडर! मग कॉर्नरवर काय हात जोडून उभे राहायचे?

क्रमांक तीन :
मर्यादा सरावातल्या हेडरवर आहे, सामन्यातल्या नव्हे. एवढे वाचून मग उद्गारचिन्ह वापरले असते तर बरे झाले असते. खरी अडचण वेगळीच आहे. प्रतिस्पर्धी संघ लांब चेंडूंवर खेळणारा असेल तर मध्य बचावपटूचा आठवड्याचा हिशोब एका सामन्यात कितीतरी पुढे जातो, आणि सरावात मोजदाद ठेवणारा प्रशिक्षक शनिवारी त्याच मुलाला 'डोके घाल' म्हणून ओरडत असतो.

शेवटचा माणूस :
धागा मी कारकिर्दीवर काढला होता, तो मेंदूवर गेला. पण आता त्या दोहोंत फरक करता येईल असे मला वाटत नाही. 'नऊ नंबरी' यांचे सारे म्हणणे 'बचावपटू फार वर्षे खेळतो' या एका खुंटीवर टांगलेले आहे. त्याच 2021 च्या विश्लेषणात पंधरा वर्षांहून अधिक व्यावसायिक कारकीर्द असणाऱ्यांमध्येही धोका पाच पटींच्या आसपास आढळला होता, आणि थोडीच वर्षे खेळलेल्यांमध्ये तो बराच कमी होता. म्हणजे ज्या दीर्घायुष्याचा त्यांना हेवा वाटतो, त्याचा हप्ता निवृत्तीनंतर सुरू होतो.

नऊ नंबरी :
हा मुद्दा आपण सर्वांत शेवटी का राखून ठेवलात, ते कळत नाही. ठीक आहे, चाळिशीपर्यंत खेळणे हा निव्वळ फायदा नाही, एवढे लिहून देतो, त्याची चौकट करून आपण खुशाल भिंतीवर लावा. पारितोषिकांबद्दल मात्र मी तसूभरही हलणार नाही. कानावारोने 2006 मध्ये दाखवून दिले की खरोखर थोर बचाव केला तर जगाला तो दिसतो. त्याच्या इटलीने त्या वर्षीच्या विश्वचषकात दोनच गोल खाल्ले.

शेवटचा माणूस :
त्या दोनांपैकी एक झाकार्दोचा स्वयंगोल होता आणि दुसरा अंतिम सामन्यात झिदानने पेनल्टीवर केलेला. म्हणजे संपूर्ण स्पर्धेत एकाही प्रतिस्पर्ध्याला खुल्या खेळात गोल करू द्यायचा नाही आणि वर विश्वचषकही उचलायचा, तेव्हा कुठे बचावपटूचे नाव पुकारले जाते. व्हॅन डाइकने 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकली, तर बॅलन डी'ऑरमध्ये त्याला मेस्सीच्या मागे दुसरे ठेवण्यात आले. आपला 'नऊ नंबर' एका हंगामात तीस गोल करतो तेव्हा उरलेल्या सामन्यांत त्याने काय केले, हे त्याला कोणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

क्रमांक तीन :
फुलबॅकला तर तिसरा क्रमांकही चालला असता.