शब्दचर्चा : ‘मंदक्रोध’, ‘कनवाळू’ आणि पळालेला योना

सर्वांना सलाम. रविवारी उपासनेत बायबलमधल्या योनाच्या पुस्तकाचा चौथा अध्याय वाचला आणि दोन शब्दांपाशी अडले. देव योना या संदेष्ट्याला निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो. तो उलट जहाजाने तार्शीशकडे पळतो, समुद्रात माशाच्या पोटात जातो, मग निनवेला जाऊन इशारा देतो आणि तिथले लोक पश्चात्ताप करतात. निनवेचा नाश टळला म्हणून योना चिडतो. देवाला म्हणतो, तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर मी तार्शीशला पळालो. ‘मंदक्रोध’ शास्त्राबाहेर मी कधी ऐकला नाही. मंद म्हणजे राग थोडा, की उशिरा येणारा? आणि ‘कृपाळू’ म्हटल्यावर पुन्हा ‘कनवाळू’ कशाला? रविवारच्या शाळेत मुलांना हा धडा द्यायचा आहे.

प्रतिसाद १
ताई, उशिरा येणारा. मूळ हिब्रू प्रयोग ‘एरेख अप्पायिम’, शब्दशः लांब नाकपुड्यांचा. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि राग दोन्ही. आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तेच. ज्याचा श्वास लांब, त्याला राग चढायला वेळ लागतो. एवढा अर्थ एका जोडशब्दात बसवणाऱ्या भाषांतरकाराला माझा नमस्कार.

‘कृपाळू’च्या जागी ‘हन्नून’ आहे: हक्क नसताना मिळालेली मर्जी. ‘कनवाळू’च्या जागी ‘रहूम’. त्याचं नातं ‘रेहेम’शी, म्हणजे गर्भाशयाशी. अरबीतून आपल्याकडे आलेला ‘रहम’ त्याच कुळातला. पहिली देण्यातली दया, दुसरी आतडं तुटण्यातली. म्हणून दोन्ही शब्द हवेत, एकही फाजील नाही.

प्रतिसाद २
वरच्या उत्तरात भर घालतो. ही ओळ योनाची स्वतःची नाही. इस्राएल लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं, त्यानंतर सीनाय डोंगरावर देव त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला, स्वतःची ओळख सांगतो (निर्गम ३४:६), ती योनाला पाठ आहे. तिथे शेवटी ‘दया व सत्य’ येतं. योना ‘सत्य’ गाळतो आणि त्या जागी ‘अरिष्ट आणण्याविषयी मन बदलणारा’ असं म्हणतो. सत्याला हिब्रूत ‘एमेत’, आणि योनाच्या बापाचं नाव अमित्तय, त्याच धातूचं! सत्याचा मुलगा सत्य गाळून देवाला बोल लावतो. निनवे अश्शूरचं शहर, योनाच्या लोकांना, इस्राएलाला, चिरडणाऱ्यांचं. त्यांना दया मिळावी हे त्याला सहन होत नव्हतं. तो भ्याला म्हणून पळाला असं मुलांना सांगू नका, चौथ्या अध्यायात तो स्वतः कारण देतो.

पहिल्या अध्यायातलं ‘याराद’, म्हणजे उतरणं, तेही पाहा. देव म्हणतो ‘ऊठ’. तो उठतो, पण याफो बंदराला उतरतो, जहाजात उतरतो, तळाशी उतरून झोपतो. माशाच्या पोटातल्या प्रार्थनेतही डोंगरांच्या तळापर्यंत उतरल्याचं म्हणतो. (मूळात नुसता ‘मोठा मासा’ आहे. मुलं ‘देवमासा’ म्हणतात, म्हणू द्या.)

मूळ प्रश्न विचारणारी
दादा, ‘उतरणं’ वाचून गप्प बसले. पाळकांनी मला शिकवायला बोलावलं तेव्हा मी घरची कारणं पुढे करून चार वर्षं टाळलं. वर्तमानपत्रात अग्निशमन दलाला ‘पाचारण’ करतात, चर्चमध्ये देव ‘पाचारण’ करतो. शब्द एकच, पण मी तो कार्यालयीन कामासारखा बाजूला ठेवला. पुन्हा बोलावलं तेव्हा पाळकांनी मागचं काही काढलं नाही.

अजून एक विचारते. चौथ्या अध्यायात देव योनाला सावलीसाठी रोपटं उगवतो आणि दुसऱ्या दिवशी ते सुकतं, त्याला तुंबी म्हणायचं की एरंड?

प्रतिसाद १
हिब्रूत ‘कीकायोन’. पुष्कळ जण एरंड मानतात, जुन्या भाषांतरांत भोपळीचा वेल आहे. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने भोपळीच्या जागी आयव्ही हा दुसरा वेल लिहिला, तेव्हा लिबियातल्या आजच्या त्रिपोलीत, म्हणजे तेव्हाच्या ओयात, मंडळीत मोठी गडबड उडाली. आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने इ. स. ४०३च्या सुमारास जेरोमला हे पत्रातून कळवलं. लोकांना कानात बसलेला शब्द हवा होता. मुलांना ‘वेल’ सांगितलंत तरी चालेल.

रोपट्याविषयी योनाला आणि निनवेविषयी देवाला जे वाटतं, त्याला मात्र तिथे एकच क्रियापद आहे, ‘हूस’. हिब्रूत ते बहुधा डोळ्याशी जोडलेलं येतं: बघवत नाही, म्हणून वाचवावंसं वाटणं. देव म्हणतो, तू न लावलेल्या झाडासाठी तुला एवढं वाटलं, मग उजवं-डावं न कळणारी १,२०,००० माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं असलेल्या शहरासाठी मला वाटू नये? दोन्ही ठिकाणी तोच मराठी शब्द वापरा, नाहीतर मुद्दा निसटतो. मी ‘जीव तुटणे’ घेईन.

मूळ प्रश्न विचारणारी
घेतला. फळ्यावर दोनदा लिहीन, एकदा योनाच्या नावापुढे, एकदा देवाच्या.